अमरधामावरून घर

निमाणीच्या थांब्यावर कचरूआप्पा बसले होते. बायको गेल्यापासून त्यांना घरची घाई नसे. शेजारी एक जोडपं येऊन टेकलं. बाईनं नवऱ्याला विचारलं,

"कालिजातल्या मॅडमनी अभ्यासाला दिलेली ती वाट टिपणारी डबी आठ दिस खिशात घेऊन हिंडलात, अन् परत देताना मान का खाली घातली?"

"कुठं घातली?"

"मॅडमनी कॉम्प्युटरवर तुमची वाट दाखवली तवा. रोज संध्याकाळी अमरधाम! मसणात कोण हाय आपलं?"

"कुणी नाय."

आप्पांनी कान दिला.

"आभाळातून दिसतं म्हणे सगळं."

"वाट दिसते. प्यालो का नाय, ते नाय दिसत. म्हणून तर त्यांनी इचारलं, वस्तीतला गुत्ता माणसाला कसा ओढतो. म्या सांगितलं, दिवाळीपास्नं सोडली."

"त्यांना सांगितलं! मला?"

"तू इचारतेस कधी? दारात पाय ठेवला की भांडी आपटतेस."

"तासभर उशिरा येता. मी काय समजायचं?"

"सरळ आलो तर गुत्ता लागतो. पीत बसलेला नाम्या आतून हाक मारतो. पाय थांबतात गं. म्हणून लांबून येतो. अमरधामाकडं कुणी हाक मारत नाय."

आप्पांची बस आली, थांबली, गेली. ते उठले नाहीत.

"उद्यापास्नं सरळ वाटेनं यायचं."

"अन् नाम्या?"

"गुत्त्यासमोर मी उभी राहीन. बघू कुणाची हाक मोठी."