चौथं शील

हॅलो?… हां निशा, बोल… अगं, खाली कापडाचे लूम चालू आहेत, जरा मोठ्यानं बोल.

हो, जेवल्या तुझ्या आई. वरणभात. सुगत ड्युटीवरून आला, त्यानंच भरवला… हो, तोच सुगत. माझा एकच पोरगा, दुसरा कुठून आणू?

ऐकतेय… 'वहिनी, वहिनी' करू नकोस, आधी श्वास घे… निशा, किती दिवस तेच? तुझ्या दादाच्या स्मृतिदिनाला पोरगा वंदनेला बसला नाही. बरं, नाही बसला. दाराशी लोकांच्या चपला लावत राहिला… नाही गं, उलट बोलला नाही. बौद्धाचार्यांनी विचारलं म्हणून म्हणाला, मला पटत नाही, नुसते ओठ कशाला हलवू… हो, सगळ्यांची तोंडं उतरली. माझंही उतरलं. मग चहा टाकायला उठले.

काय?… धम्म न मानणारा उद्या आजीलाही टाकून देईल?… अगं ऐक ना… ऐक. मला काय कळतं त्यातलं? मी तर रोज वंदना म्हणते. तरी परवा आईंनी परत चादर भिजवली तेव्हा खेकसले त्यांच्यावर. हा नाही खेकसला. 'आजी, आज नळ आपल्याकडेच आला वाटतं' म्हणाला आणि चादर बदलली. हसल्या त्या. केवढ्या दिवसांनी…

दादाचे संस्कार? असतील की. मग आहेतच ना त्याच्यात. कुठल्या दारानं आले ते कशाला विचारायचं?

हं… रविवारी? गाडी घेऊन?… आईंना कायमचं खारबावला, तुझ्याकडे?… निशा, तुझं घर चांगलंय, विहार शेजारी आहे, सगळं कबूल. पण मागे आल्या होत्या तेव्हाचं आठव. रात्र रात्र उठून बसायच्या. तिथल्या शांततेत, लूम का बंद पडले, कोण गेलं, म्हणून विचारायच्या. तूच वैतागून फोन केला होतास… नाही, टोमणा नाही मारत.

काय सांगू त्यांना?… डॉक्टरकडे चाललोय म्हणून?… म्हणजे फसवून बसवायचं गाडीत?… नाही गं, रागावत नाही. रागवायला अंगात जीव लागतो… हो, हो, चांगल्यासाठीच. कळलं…

थांब, सुगत हाक मारतोय. काय रे?… हां… अगं, आईंचं पंचशील चाललंय. दिवेलागणीला रोज म्हणतात. म्हणजे त्यांना आता आठवत नाही, हाच एकेक शब्द सांगतो, माझ्या मोबाइलमध्ये बघून, त्याचा साधाच आहे. आज मोबाइल तू धरून ठेवलायस, त्यामुळे चौथ्याला अडलेत दोघं…

नाही गं, अजूनही मानत नाही. आजी मानते ना, म्हणून सांगतो… हात कसे जोडेल? आईंना बसतं धरायला लागतं, हात तिथं अडकलेत.

मला येतं, पण तूच सांग ना. लेकीचा आवाज ऐकतील. थांब, स्पीकरवर टाकते… आई! निशा आहे, निशा!… बोल गं. चौथं… हो, तेच. खोटं न बोलण्याचं.

…निशा?… हॅलो? आहेस ना?… अगं, आई थांबल्यात. फोनकडे बघतायत…

हां… हां, जरा मोठ्यानं… बघ, म्हणतायत तुझ्या मागून… रडू नकोस गं, घाबरतील त्या.

…काढला स्पीकर. बोल… गाडीचं? ते तूच विचार त्यांना, समोर बसून. येते म्हणाल्या तर पिशवी मी भरून देईन. नाही म्हणाल्या तर जेवून जा… सुगत? तो कशाला काय बोलेल तुला? आत्या आहेस त्याची. चपला लावून ठेवेल तुझ्या…

हो, ये रविवारी. येताना मोठ्या मापाचे डायपर आण, इथला दुकानदार लहान बाळांचेच काढून दाखवतो.

बरं, ठेव आता फोन… अगं ठेव ना, मोबाइल हवाय त्याला. पाचवं राहिलंय त्यांचं.