मान खाली घालायचा कॅमेरा

जर्मन कॅमेरा मुंबई सोडून वळसंगला का विकला, असं अजून विचारता ना? ऐका मग.

पंच्याहत्तर साल असेल. मुंबईचा दुकानदार सगळ्यात जास्त भाव देत होता. मी गाडीचं तिकीटही काढलं होतं. तेवढ्यात वळसंगच्या बौद्धवाड्यातला गौतम माझ्या स्टुडिओत आला.

"क्यामेरा मला द्या की."

"तुला येतो का वापरायला?"

"न्हाय, शिकतो. पर ह्योच पायजे."

त्या कॅमेऱ्यात मान खाली घालून वरून बघावं लागायचं. आधी गौतमच्या लग्नात मीच फोटो काढले होते. त्याच्या आज्ज्याचा फोटो घ्यायला वाकलो, की म्हातारा हात जोडून वाकायचा. अख्ख्या रोलमध्ये नुसता पटका आला. ते आठवून मला हसू आलं.

गौतम हसला नाही. म्हणाला, "आज्जा मरस्तोवर सांगत हुता, जन्मात पयल्यांदा माज्यापुढं कुणी मान वाकवली."

मी तिकीट परत केलं. महिनाभर त्याला शिकवलंही मीच.

पुढं वळसंगच्या बौद्धवाड्यात एका लग्नाला गेलो. मांडवात भेटेल त्याला सांगत होतो, हा कॅमेरा माझा. गौतम त्यावर वाकला होता, अन् समोरची म्हातारी मान ताठ करून बसली होती.