तोंडावरची लाली

...बरं, तोंड लाल दिसलं की माणूस प्यायलाच, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, थेंब नाय घेतला! बोटीवर नोकरीला होतो तेव्हा घ्यायचो, नाय कशाला म्हणू, पण रिटायर होऊन पावसला घरी आलो तेव्हा देवळात नारळ ठेवून, बायकोदेखत सोडली ती सोडली. पुढं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून गोळी दिली. मी ती सकाळच्या गरम चहाबरोबर घ्यायचो, घशाखाली उतरायला काहीतरी नको?... आणि घटकाभरात तोंड लालभडक, कान तापलेले, अंगाची नुसती आग! सावित्री, म्हणजे आमची मंडळी, जवळ येऊन तोंडाचा वास घ्यायची. वास कुठला यायला? तर म्हणते, "हल्ली बिनवासाची मिळते वाटतं."

त्यात शेजारची तुळसा तिला शिकवते, "गो, आल्याचा कडकडीत चहा पाज, उतरते." झालं, गोळीबरोबर एक चहा, उतरायला दुसरा, आणि मी पिकल्या रतांब्यासारखा! "बघा, आणखी चढली," म्हणून ही पदर डोळ्याला लावते. गोळी दाखवली, देवाची आण घेतली. म्हणते, "आण देवळातपण घेतली होतीत." अहो, पण थेंब नाय घेतला...

तशातच तिला कावीळ झाली आणि बघता बघता अंथरुणाला खिळली. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "अहो, माझ्यामागं तुम्हाला बघायला कोण नाय. आता तरी सोडा." काय सांगू? त्या वेळी गोळीचं रामायण लावू? म्हटलं, "सोडली गो." इतकी शांत झाली ती... मला रडू आवरेना. थेंब नाय घेतला, आणि सोडली म्हणून तिला सांगितलं.

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर भेटायला आले. माझं तोंड बघून विचारतात, "गोळी कशाबरोबर घेता?" म्हटलं, चहाबरोबर. "अहो, त्या गोळीवर गरम चहा घेतला की अशीच आग होते. जेवून उठलात की थंड पाण्याबरोबर घ्या." हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मी तरी कुठं विचारलं होतं...

तशी घेतो आता. तोंड पहिल्यासारखं काळंसावळं झालं. परवा आमच्या वाडीतला भिकाजी एसटीच्या थांब्यावर चारचौघांत पाठ थोपटून म्हणतो, "शाबास दादू, सोडलीस. पण सावित्री असताना सोडली असतीस, तर बिचारी सुखानं गेली असती."

म्हटलं, "होय रे. जरा उशिरानंच सुटली."