एनॉकचं 'नाही'

एकमतानं? आमच्या परगण्यानं नव्या राज्याला एकमतानं कौल दिला, असं छापणार तुम्ही? खोडा ते, लेखकसाहेब — खोडा म्हणतो ना! आणि घोडा नीट धरा, लाथ झाडेल. मी लोहार माणूस, पुस्तकातलं मला कळत नाही, पण अठराशे एकसष्टच्या ऑक्टोबरात कोर्टाच्या पायरीवर मी उभा होतो, तुम्ही नव्हता. वेस्ट व्हर्जिनिया म्हणे व्हीलिंग शहरात जन्मलं, मोठ्या लोकांच्या सभेत — छट्! इथं जन्मलं, आमच्या तोंडातून. तेव्हा मताची चिठ्ठी कुठली? नाव पुकारलं की पुढं व्हायचं आणि सगळ्या गावादेखत मोठ्यानं सांगायचं, कारकून लिहून घ्यायचा. वेगळं राज्य हवं की नको? 'हवं!' — असा ओरडलो की कारकुनाची दौत कलंडली आणि डोंगरावरचं अस्वल झाडावरून खाली पडलं. हसू नका, पाहिलेली माणसं आहेत!

हवंच होतं हो! जुन्या राज्याच्या राजधानीतले, रिचमंडचे जमीनदार दक्षिणेबरोबर देशातून फुटून निघाले, त्यांचे गुलाम राखायला आम्ही का मरायचं? कधी रस्ता दिला आम्हाला? शाळा दिली? — काय? संगिनी? होत्या की. उत्तरेचे, नव्या राज्याच्या बाजूचे वीस शिपाई पायरीशीच उभे. म्हणून मी काय घाबरून — छे! ऐका तर. माझ्यामागं एनॉक, माझा धाकटा भाऊ. त्यानं शिपायांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, 'नाही.' अख्ख्या परगण्यात एकटा! कारकून म्हणतो, "पोरा, पुन्हा विचार कर." तर हा म्हणतो, "सकाळी मक्याची भाकरी खाताना आम्ही दोघांनी विचार केलाय." आम्ही दोघांनी — हो, म्हणजे, बंदुकीखाली राज्य नको असं तो म्हणाला, मी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे काय शपथ झाली? तोंडात घास होता माझ्या!

त्या एका शब्दापायी दोन हिवाळे तुरुंगात काढले त्यानं. आता या ओढ्यापलीकडं राहतो — माझी भट्टी दारातून दिसते त्याला — आणि घोड्याला नाल ठोकून घ्यायला बारा मैल जातो. बारा मैल! जाऊ दे. राज्य माझं आहे, आज विचारा, आजही 'हवं'च म्हणेन, याहून मोठ्यानं. पण त्याचं 'नाही' पुस्तकात आलंच पाहिजे. एनॉक टीटर — पूर्ण नाव लिहा.

काय म्हणालात? शिपाई नसते तर मी काय म्हणालो असतो?

...नाल झाला. घ्या घोडा आणि निघा.