बांडगुळाबद्दल प्रेक्षकांचे म्हणणे

(टीव्ही वाहिनीच्या तळमजल्यावरची खोली. एक टेबल, एक फोन, दोन खुर्च्या. ताई परदेशी चित्रपटांचे मराठी संवाद लिहिते. धाकटा भाऊ इथे बसून प्रेक्षकांचे फोन घेतो.)

धाकटा : आणि एका गृहस्थांचं म्हणणं असं, की शेवटपर्यंत बघितला तरी खून काही झाला नाही.

ताई : खून कशाला होईल? नाताळचा प्रेमपट आहे तो.

धाकटा : सांगितलं मी. ते म्हणाले, इतका बर्फ पडतो, गावातले सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात, ही काय खुनाशिवायची तयारी आहे? दोन वेळा त्यांनी उठून दाराची कडी बघितली म्हणे.

ताई : तू काय म्हणालास?

धाकटा : दिलगीर आहोत म्हणालो. खून झाला नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची माझी पहिलीच वेळ.

ताई : मला खुनाचं नको, शब्दाचं सांग. वर साहेब घिरट्या घालतायत. रविवारी परत दाखवायचाय. शब्द ठेवायचा की बदलायचा, दुपारच्या आत ठरवा म्हणतात. बदलायचा तर नायिकेला आवाज देणाऱ्या बाईंना परत बोलवावं लागेल, आणि त्यांचा घसा बसलाय.

धाकटा : शब्दावरच येतोय. पण मला क्रमाने जाऊ दे, नाहीतर माझं मधेच सांडतं. एका आजींना त्या शहरातल्या मुलाची काळजी लागलीय.

ताई : कुठल्या?

धाकटा : जिच्याशी लग्न ठरलं होतं तिने ज्याला सोडलं, तो. आजी म्हणाल्या, त्याचं काय चुकलं? तो फक्त फोनवर बोलत होता. नोकरी करणारा माणूस फोनवर बोलणारच. आणि हा गावातला लाकडी खेळणी करणारा, अख्ख्या चित्रपटात एकाच घोड्याला पॉलिश करतोय. पोट कशावर भरतो? मी म्हटलं, आजी, चौकशी करून कळवतो. त्यांनी नंबर दिलाय.

ताई : तू खरंच कळवणार आहेस?

धाकटा : बघू. आणखी एक बाई. त्यांनी या महिन्यात असे तीन चित्रपट बघितले. तिन्हींत बैठकीची खोली तीच, फक्त सोफा फिरवलाय. त्यांना सोफ्याचं काही नाही, पण तिसऱ्या घरात आपण ओळखीच्या माणसासारखे वावरतो आणि मालकीण मात्र नवीन असते, याने त्यांना अवघडल्यासारखं होतं.

ताई : शब्द.

धाकटा : शब्द. निवृत्त मास्तर आहेत एक, वनस्पतीशास्त्राचे. ते म्हणाले, बांडगूळ हाच बरोबर शब्द. दुसऱ्याच्या फांदीवर रुजतं, त्याचाच रस पितं, थंडीत झाड वाळलं तरी आपण हिरवंगार. तिकडे नाताळात जे दाराच्या चौकटीला टांगतात आणि ज्याखाली उभ्या राहिलेल्या दोघांनी मुका घ्यायचा असतो, ते आपल्या बांडगुळाच्याच गोतावळ्यातलं. ज्याने लिहिलं त्याला माझा नमस्कार सांगा. पानं मात्र प्लास्टिकची होती म्हणाले.

ताई : बघ. मास्तरसुद्धा म्हणतात.

धाकटा : लगेच मागून झाडांच्या डॉक्टरांचा फोन. ते म्हणाले, बांडगूळ फुलायच्या आत फांदीसकट छाटा, हे लोकांना सांगता सांगता माझी हयात गेली, आणि तुम्ही त्याला लाल फीत बांधून खाली मुके घ्यायला लावता?

ताई : बाकीचे?

धाकटा : बाकीचे हसले. ऐन शेवटाला नायिका मान वर करून म्हणते, "वर बघ, आपण बांडगुळाखाली उभे आहोत," आणि तो म्हणतो, "मग आता सुटका नाही." इथे बरीच घरं हसली असं दिसतंय. काहींचा राग आहे की रडायच्या जागी हसू आलं. काही म्हणाले, बरं झालं. पण खरा फोन सासूबाईंचा.

ताई : कोणाच्या सासूबाई?

धाकटा : एका जावयाच्या. घरातच राहतो तो, लग्न झाल्यापासून. सगळे एकत्र बसून बघत होते. ते वाक्य आलं तशी सगळ्या घराने त्याच्याकडे बघितलं. तो उठला, दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, टांगून घेऊ का?

ताई : अरे देवा.

धाकटा : त्यावर यांची मुलगी उठली, चौकटीत गेली आणि सगळ्यांसमोर त्याचा मुका घेतला. सासूबाईंची तक्रार अशी, की जावयाला बोलायला त्यांच्याकडे एवढा एकच शब्द होता, तोही आता हातचा गेला. तुमच्या वाहिनीने भरून द्यावा म्हणतात. दुसरा शब्द चालेल.

साहेब : काय, काय म्हणतायत लोक? थोडक्यात सांग. मला वर जायचंय.

धाकटा : थोडक्यात, मिश्र आहे साहेब.

साहेब : मिश्र म्हणजे काय? मिश्र मला वर सांगता येत नाही. वरून प्रेशर आहे. एका डायरेक्टरांच्या घरी त्यांचा साडू मुक्कामाला असतो, तो जेवण टाकून उठून गेला. आता बोला. म्हणजे कसं आहे बाई, तुमच्या मराठीबद्दल प्रश्नच नाही, पण सणाच्या चित्रपटात जरा गोड शब्द नको का? शुभवेल करून टाका.

ताई : बसत नाही साहेब. ती तो शब्द सुरू करते तेव्हा पडद्यावर तिचे ओठ मिटलेले आहेत. शुभवेल म्हटलं तर तोंड बंद आणि आवाज चालू. शेजारीण बोलतेय असं वाटेल.

साहेब : मग ओठ मिटणारा घ्या. मंगलपर्ण. मंगलपर्ण चांगलाय.

ताई : ते इमारतीचं नाव वाटतं. "आपण मंगलपर्णाखाली उभे आहोत" म्हटलं की दोघं पार्किंगमध्ये उभी आहेत असं होईल.

धाकटा : आणि मग सोसायटीचे फोन येतील.

साहेब : तू मधे बोलू नकोस. आणि दुसऱ्या बाजूने बघाल तर डिंकाची कंपनी आहे ना, आपले जाहिरातदार, ते खूश आहेत. म्हणतात चिकटून राहण्याचा, चिवटपणाचा संदेश गेला, शब्द आणखी एकदोनदा आला तर बघा. एकाला काढायचाय, एकाला वाढवायचाय, मी मधे. बाई, दुपारी मला येऊन एक शब्द सांगा. ठेवायचा किंवा बदलायचा. कारणं सांगू नका, कारणं दिली की मीटिंग लागते. पुढचेही नाताळचे चित्रपट तुमच्याचकडे द्यायचे मनात आहे, म्हणून म्हणतो, नीट विचार करा. चला.

धाकटा : गेले. जाताना खुर्ची सरळ करून गेले. घाबरलेला माणूस खुर्ची सरळ करतो.

ताई : बदलून टाकते मी.

धाकटा : आत्ता तर त्यांच्याशी भांडलीस शब्दासाठी.

ताई : शब्दासाठी भांडले. ठेवायचा म्हणून नाही.

धाकटा : मग त्यांना खरं का नाही सांगितलंस?

ताई : काय खरं?

धाकटा : शब्द कुठून आला ते.

ताई : कोशातून आला. आणखी कुठून येणार?

धाकटा : कोश माझ्या पलंगाच्या पायाखाली आहे, ताई. पलंग डगमगतो म्हणून तूच दिलास. मी वर झोपलेलो असताना तू तो काढला असतास तर मला कळलं असतं.

ताई : मग तूच सांग.

धाकटा : तू किती दिवस त्या एका शब्दामागे होतीस. दात घासताना ओठ मिटून उघडून बघायचीस. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून भाऊजींचा आवाज आला, "तुझं ते बांडगूळ उठलं का?" आणि लगेच तुझा आवाज, "सापडला." मी पांघरुणात. मला आधी वाटलं, मीच सापडलो.

ताई : तू जागा होतास.

धाकटा : काम नसलेला माणूस लवकर जागा होतो. दाखवत नाही एवढंच.

ताई : अरे, खरं सांगते, मला त्या क्षणी शब्द ऐकू आला. माणूस ऐकूच आला नाही. ओठ मिटतात, मात्रा बसतात, अर्थही तोच. हात ओला होता तसाच लिहून ठेवला. नंतर रेकॉर्डिंगच्या वेळी बाई काचेपलीकडून ते वाक्य म्हणाल्या, तेव्हा कुठे माणूस ऐकू आला. त्यांना म्हटलं, परत घ्या. परत घेतलं. चांगलंच आलं. मी काय सांगणार होते?

धाकटा : काही नाही. चांगलंच आलंय ते.

ताई : आणि ह्यांना मी एका शब्दाने काही बोलले नाही त्या दिवशी. वर चहा दिला. शब्द मिळाल्याच्या आनंदात दिला, पण दिला.

धाकटा : मीही काही बोललो नाही. त्या दिवसापासून मी त्यांना भाऊजी म्हणत नाही, एवढंच. तुझ्या लक्षात आलं नसेल. आम्ही मिठामार्फत बोलतो. ते मिठाकडे बघून म्हणतात, मीठ कमी आहे. मी मिठाकडे बघून म्हणतो, घ्या.

ताई : मला वाटलं, नव्या नोकरीने गंभीर झालास.

धाकटा : नोकरीने कोणी गंभीर झालं असतं तर साहेब बघ. शनिवारी मी जातोय, ताई. खोली बघितलीय. तिसरा मजला, खिडकीतून समोरच्या खोलीची खिडकी दिसते.

ताई : रागावून जातोयस?

धाकटा : नाही. राग आला तेव्हा जायला जागा नव्हती. आता जागा आहे तर रागाला तितकी धार नाही. पगार लागला की माणूस खोली बघतो, त्यातलं आहे.

ताई : मग जाण्याआधी तो शब्द तरी पुसू दे मला. घरोघरी वाजतोय तो. माझ्या हातून.

धाकटा : पुसू नकोस. मी दोन वर्षं तुमच्याकडे आहे. त्या शब्दाने मला कोणी तोंडावर हाक मारली नाही, पण पाठीमागून यायचा, चपला काढताना वगैरे. आणि काल बघितलं तर त्याच शब्दाखाली दोघं उभी आहेत, बर्फ पडतोय, आणि तो म्हणतो सुटका नाही आणि ती हसते. म्हटलं, चला, या शब्दाखाली कोणाचं तरी बरं झालं. तू तो बदललास तर तो परत नुसता आमच्या स्वयंपाकघरात राहील.

ताई : ह्यांनी ऐकलं ते वाक्य? मी आत होते तेव्हा.

धाकटा : आम्ही दोघंच होतो सोफ्यावर. मधे उशी. वाक्य जवळ आलं तसा त्यांनी रिमोट उचलला आवाज कमी करायला. पुढे काय येणार ते त्यांना जाहिरातीत कळलं होतं. घाईत उलटं बटण दाबलं गेलं. सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्याने आलं. मग आम्ही दोघंही नावं संपेपर्यंत बघत बसलो. वीज कोणी सांभाळली, गाड्या कोणी चालवल्या, सगळी नावं वाचली.

ताई : घरी गेल्यावर बोलते मी त्यांच्याशी.

धाकटा : नको. त्यांचा फोन आलाय.

ताई : इथे?

धाकटा : तू यायच्या जरा आधी. नाव सांगितलं नाही. आवाज जाड करून म्हणाले, मी एक सामान्य प्रेक्षक. मीही जाड केला. पद्धतीप्रमाणे विचारलं, चित्रपट कोणासोबत बघितलात? मग म्हणाले, घरच्या माणसासोबत.

ताई : तू इथे बसतोस हे माहीत आहे त्यांना.

धाकटा : म्हणून तर केला. घरात तोंडासमोर तोंड येतं. इथे मधे वायर आहे.

ताई : मत काय दिलं?

धाकटा : म्हणाले, शब्दात चूक नाही, तो वापरणारा एक माणूस चुकला. त्याने माफी मागायची तर तुमच्याकडे कोणाकडे मागायची, तेवढं सांगा. मी म्हटलं, थांबा, संबंधित विभागाला जोडून देतो.

ताई : तो कुठे बसतो?

धाकटा : इथेच. मीच आहे तो. पण एकदम मीच आहे म्हणायला जमेना, म्हणून होल्डचं बटण दाबलं. त्यांना थांबणाऱ्यांसाठी लावलेली पेटीची धून ऐकू येतेय.

ताई : येतेय? अजून आहेत ते?

धाकटा : आहेत. मघापासून दुसरा फोन आला नाही तो त्यामुळेच. लाईन त्यांनी धरून ठेवलीय.

ताई : एवढा वेळ? साहेब येऊन गेले, आपण इतकं बोललो, आणि तू त्यांना नुसतं थांबवून ठेवलंस?

धाकटा : मला वाटलं ठेवून देतील. मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो. ठेवला असता तर माझंही सोपं झालं असतं. पण माणूस चिवट निघाला.

ताई : उचल. मी बाहेर थांबते.

धाकटा : बस गं. तू साहेबांना काय सांगणार?

ताई : ठेवायचा. कारण देणार नाही. उचल आता.

धाकटा : नमस्कार. आपल्याला थांबावं लागलं, दिलगीर आहोत. संबंधित विभागातून बोलतोय... हो, मीच... नाही, कोणी ऐकत नाही, ताई आहे फक्त... बोला, भाऊजी.