माय आंडेर म्हणाली होती

आमचं गाव एरंडोलपासून जवळच. वडील कपाशी लावायचे, मी त्यांचा एकटाच मुलगा, आणि माझ्याहून मोठी एक बहीण, अक्का, ती जळगावला मेहरूणमध्ये दिलेली. मेहुण्यांचा म्हशींचा धंदा. वडील होते तोवर आम्हा दोघांत भांडण कसलं ते माहीत नव्हतं, काय सांगू तुम्हाला, अक्का यायची म्हटलं की मी कितीतरी आधी फाट्यावर जाऊन उभा राहायचो.

आता आमच्या अहिराणीत मुलाला म्हणतात आंडोर आणि मुलीला आंडेर. एवढं आधी लिहून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

वडील गेले आणि त्याच साली माय विहिरीजवळ पडली, खुबा मोडला. अक्कानं तिला मेहरूणला नेलं, सारा हिवाळा तिचं अंग धुतलं, हगणंमुतणं काढलं, आणि मी आपला केळी घेऊन भेटायला जायचो, पाव्हण्यासारखा. मग गावात कुजबुज सुरू झाली की म्हातारी तिकडेच राहिली तर तिच्या नावचं विहिरीवरचं शेतही तिकडेच जाणार. बाकीचं आमचं सगळं बरड, पावसावरचं. मी अक्काला म्हणालो, मायला पद्मालयाच्या गणपतीला नेतो, दर्शन करून आणतो. नेली, आणि परत पाठवलीच नाही.

अक्का मेहुण्यांना घेऊन आली, तोंडातोंडी झाली, शेवटी भाऊबंद मारुतीच्या पारावर बसले. आमचे चुलते आबा मेहुण्यांना म्हणाले, का हो पाव्हना, रोज म्हशीवर बशीसन येशात का वखर हाकाले? पारावरचे बठ्ठे हसले, मीही हसलो. मग आबाच म्हणाले, म्हातारीलाच विचारू, ती म्हणेल तिकडे राहील, आणि जो तिला सांभाळेल तो तिचं शेत कसेल.

मायला ऐकू येत नव्हतं आणि तोंडात एक दात नव्हता, शब्द ओठातच विरायचा. मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, माय, कोनाकडे ऱ्हानं शे तुले? ती म्हणाली, आंडेरकडे. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता, मला नीट ऐकू आलं नाही असं मी कसं म्हणू. आबांनी विचारलं, नाना, काय म्हनस रे माय? मी म्हणालो, आंडोरकडे म्हनस.

अक्का मागे बायकांत बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला, मायच्या पाया पडली आणि मेहुण्यांसोबत एस.टी.कडे चालू लागली. मायला वाटलं गाडी बघायला गेली. घरी येऊन मायनं आपली लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली.

माझ्या बायकोनं मायचं सगळं केलं, तिला बोल लावू नका, भाकर दुधात कुस्करून भरवायची. पण माय दारातच बसलेली, कोणी बाई रस्त्यानं आली की विचारायची, आंडेर उनी का रे? मी म्हणायचो, उद्या येईल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर आमच्याकडे झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके, गाणी. माय धुतलेलं लुगडं नेसून बसली. खापरावरची पुरणपोळी ताटात तशीच ठेवली, म्हणे तिच्यासंगे खाईन. मला मेहरूणला निरोप धाडता आला असता. पण अक्का आली की दोघी बोलणार, बोलल्या की माझं उघडं पडणार, म्हणून नाही धाडला. पावसाळ्यात माय गेली.

किती वर्षं झाली त्याला. यंदा मी मेहरूणला गेलो, मेहुणे आता नाहीत, अक्काही थकली. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, शेत तुझ्या नावावर करतो म्हणालो. शेताचं तिनं ऐकलंच नाही. म्हणाली, म्हंजे मी उनूच नही, आसंच समजी गयी का ती?

मी हो म्हणालो.

तिनं मला जेवायला वाढलं, गरम गरम वाढलं, स्वतः नाही जेवली. निघताना मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागे घेतले.

शेत ती घेत नाही आणि माझा तिथं वखर घालायला हात होत नाही, तसंच पडीक आहे. अक्काचं देव भलं करो. मी आपला रोज बांधापर्यंत जातो आणि माघारी येतो.