साफ आवाजाची तक्रार

दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेली इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या मावशींचे कान पुढच्या गिटारवाल्याच्या बोलण्याकडे लागले होते.

“काका, गिटारचा आवाज साफ येतोय.”

“त्यात आभार कसले मानायचे!”

“आभार नाहीत, तक्रार आहे. गिटारला जोडायची ही डबी तुम्ही दुरुस्त करण्याआधी हिच्यातून फाटका आवाज यायचा.”

“येणारच! आत हिशेबाच्या यंत्रातली चिप होती. हो म्हटलं की नाही म्हणते, नाही म्हटलं की हो. काढली आणि सरळ वायर जोडली.”

“अहो, मुद्दाम बसवली होती! तिला हो आणि नाहीच्या मधोमध अडकवलं की ती वैतागून किंचाळते.”

“आणि लोक ऐकून घेतात?”

“टाळ्या वाजवतात. आज कार्यक्रम आहे. साफ वाजलं तर माझी अब्रू जाईल.”

“माझ्या हातून बिघाड व्हायचा नाही.”

“मग समोरच्या दुकानात जातो.”

“तो? त्याला धड बिघडवता तरी येतं का? आण इकडे!”

चिप परत बसली. तार छेडताच कपाटाच्या काचा थरथरल्या.

“वा काका! हाच तो आवाज!”

“थांब रे, अजून जरा साफ येतोय... हं, आता ठीक. या मावशी, तुमचं काय बिघडवायचंय?”

मावशींनी इस्त्री हळूच पाठीमागे लपवली.